लेकीचा वाढदिवस मागे का सरकतो?

आमची लेक २०२४च्या गुढीपाडव्याची, ९ एप्रिलची. पहिल्या वाढदिवसाला गावी जायचं म्हणून मी ९ एप्रिलची रजा टाकली. आईच्या हिशेबी मात्र वाढदिवस पाडव्याला, म्हणजे ३० मार्चलाच! शेवटी तिने व्हिडिओ कॉलवर मोबाइललाच ओवाळलं. वाईट वाटलं, खरंच.

भानगड अशी: बारा चांद्रमहिने म्हणजे साधारण ३५४ दिवस, आपल्या कॅलेंडरपेक्षा ११ कमी. म्हणून २०२६चा पाडवा आणखी मागे, १९ मार्चला. मग तो सरकत सरकत थंडीत का जात नाही? तर साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो. २०२६ला अधिक ज्येष्ठ, की २०२७चा पाडवा परत ७ एप्रिलला. ॲपमधलं ‘दरवर्षी रिपीट’ इथे कामाचं नाही. १९ मार्चची रजा मी आईला विचारूनच टाकली.