व्हॅनचं इंजिन, ‘खोटी’ पोर्शे आणि इतर गैरसमज

जुन्या स्पोर्ट्स कारचा विषय निघाला आणि कुणी पोर्शे 924 चं नाव घेतलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : ‘ती कसली पोर्शे? तिला फोक्सवॅगनच्या व्हॅनचं इंजिन आहे.’ हे पुण्या-मुंबईतल्या शौकिनांकडून ऐकू येतं आणि जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मित्रांकडूनही. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती गाडी चालवलेली तर सोडाच, तिचं बॉनेट उघडलेलंही पाहिलेलं नसतं. तरी हे वाक्य पन्नास वर्षं त्या गाडीच्या मानगुटीवर बसलं आहे. चांगल्या गाड्या दुर्लक्षित कशा राहतात हे समजून घ्यायचं, तर आधी त्याचाच निकाल लावायला हवा.

मुळात 924 ची आखणी पोर्शेने स्वतःसाठी केलीच नव्हती. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फोक्सवॅगनने पोर्शेला एका स्पोर्ट्स कारचं काम दिलं. समूहाच्या गाड्यांचेच जास्तीत जास्त सुटे भाग वापरायचे, म्हणजे किंमत आटोक्यात राहील, असा बेत होता. 1973 साली तेलाचं संकट आलं, फोक्सवॅगनची आर्थिक ओढाताण सुरू झाली आणि नवे प्रमुख टोनी श्म्युकर यांनी या प्रकल्पातून अंग काढून घेतलं. पोर्शेने स्वतःचाच आराखडा विकत घेतला आणि नेकार्सुल्म इथल्या ऑडीच्या कारखान्यात गाडी बांधून घ्यायला सुरुवात केली. नोव्हेंबर 1975 मध्ये ती जगापुढे आली.

आता ते इंजिन. 1984 सीसीचं, चार सिलिंडरचं हे इंजिन फोक्सवॅगन-ऑडी समूहाचं होतं आणि ते अनेक गाड्यांसाठी योजलेलं होतं. ऑडी 100 मध्ये ते बसलं, फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनमध्ये बसलं, अमेरिकेत एएमसीच्या ग्रेमलिनमध्येही बसलं. त्याचा व्हॅनमधला अवतार कार्ब्युरेटरवर चालायचा आणि साधारण 75 अश्वशक्ती द्यायचा. 924 मधला अवतार बॉशच्या के-जेट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनवर चालायचा आणि युरोपात 125 अश्वशक्ती द्यायचा. मूळ ब्लॉक एक, म्हणून दोन्ही इंजिनं एकच, असं म्हणायचं असेल तर ऑडी 100 लाही व्हॅन म्हणावं लागेल. ते मात्र कुणी म्हणत नाही.

यापुढचा मुद्दा मला जास्त खटकतो. जे लोक 924 ला नाकं मुरडतात, तेच 356 चं नाव भक्तिभावाने घेतात. 1948 साली ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड इथे तयार झालेल्या पहिल्या 356 मध्ये काय होतं? बीटलवरून घेतलेलं इंजिन, बीटलचं सस्पेन्शन. बीटल फर्डिनांड पोर्शे यांच्याच कार्यालयात आखली गेली होती, म्हणून ते चालतं, असा युक्तिवाद लगेच येतो. पण 924 सुद्धा पोर्शेच्याच अभियंत्यांनी आखली होती! फोक्सवॅगनचे भाग घेऊन त्यांतून वेगळी, हलकी, चपळ गाडी उभी करायची, ही त्या कंपनीची पहिल्या दिवसापासूनची रीत आहे. 924 ने ती मोडली नाही, पाळली.

पोर्शेबाहेर पाहिलं, तर हा आक्षेप अगदीच टिकत नाही. 1995 साली ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या मॅक्लारेन एफ1 मध्ये बीएमडब्ल्यूचं इंजिन होतं. एसी कोब्राला फोर्डचं, लोटस एलिसला काही वर्षं टोयोटाचं. त्यांना कुणी खोटं म्हणत नाही. 924 नंतर आलेल्या आणि मानाने मिरवणाऱ्या 944 च्या इंजिनातही थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टसाठी पोर्शेने मित्सुबिशीकडून परवाना घेतला होता. उसनं घेण्यात कमीपणा कधीच नव्हता. ते उघड दिसलं, एवढाच 924 चा गुन्हा.

आणि गाडी घडली तरी कशी होती? इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, दोघांना जोडणारी एक ताठ नळी आणि तिच्या आत फिरणारा दांडा. यामुळे वजन पुढे 48 टक्के आणि मागे 52 टक्के असं जवळजवळ समसमान विभागलं गेलं. जड भाग दोन्ही टोकांना असल्याने वळणावर गाडी एकदम गिरकी घेत नाही. चालकाला सावरायला वेळ मिळतो. त्याच काळातल्या 911 मध्ये भर वळणात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर मागचं इंजिन गाडीची शेपटी बाहेर फेकायला टपलेलं असे. नवशिक्याला दोन्हींपैकी कोणती गाडी जास्त वेगाने आणि सुखरूप घरी आणेल, हे सांगायला नकोच.

ज्यांना कागदावरचे आकडे पुरत नाहीत, त्यांनी 1980 च्या ल मान्स शर्यतीचे निकाल काढून पाहावेत. पोर्शेने 924 वरून बनवलेल्या तीन टर्बो गाड्या तिथे उतरवल्या होत्या. त्यांच्या इंजिनांचा आधार तोच दोन लिटरचा ब्लॉक होता, ज्याला लोक व्हॅनचा म्हणून हिणवतात. त्यातून तीनशेच्या वर अश्वशक्ती काढली होती. तिन्ही गाड्यांनी 24 तास पूर्ण केले. त्यांचे क्रमांक आले सहावा, बारावा आणि तेरावा. मागच्या दोन गाड्यांचे व्हॉल्व्ह दगावले होते आणि शेवटी त्या तीनच सिलिंडरवर धावत होत्या, तरी त्या थांबल्या नाहीत.

मग ही गाडी उपेक्षित का राहिली? याची खरी कारणं वेगळीच आहेत.

पहिलं कारण भावनिक आहे, आणि ते मला समजू शकतं. 1970 च्या दशकात पोर्शेचे प्रमुख एर्न्स्ट फूरमान यांच्या मते 911 चे दिवस भरत आले होते. पुढे इंजिन असलेल्या 924 आणि 928 या भविष्यातल्या गाड्या मानल्या जात होत्या. 911 वर जीव असणाऱ्यांना त्या वैरी वाटल्या. 1981 मध्ये पीटर शूट्झ प्रमुखपदी आले, त्यांनी 911 चालू ठेवली आणि ती आजही चालू आहे. वाद संपला, पण हरलेल्या बाजूच्या गाड्यांवरचा राग राहिला. या रागात एक गोष्ट विसरली जाते : 924 आणि तिची भावंडं मिळून दीड लाखाच्या आसपास खपली, 944 त्याहूनही जास्त. या चार सिलिंडरच्या गाड्यांनी आणलेल्या पैशावर कंपनी उभी होती.

दुसरं कारण अमेरिका. तिथल्या धूर-नियमांमुळे सुरुवातीच्या 924 ची ताकद 95 अश्वशक्तीवर आली. इंग्रजी मासिकं आणि पुस्तकांतून जगभर पसरलेलं मत बऱ्याच अंशी त्या दमवलेल्या गाडीवरून बनलेलं आहे.

तिसरं कारण सर्वांत घातक. गाडी स्वस्त झाली, की ती देखभालीचा खर्च न झेपणाऱ्यांच्या हाती जाते. सर्व्हिसिंग टळतं, बदली भाग हलक्या दर्जाचे बसतात, गाडी कुरकुरू लागते. ती चालवून पाहणारा म्हणतो, ‘ऐकलं होतं ते खरंच आहे.’ किंमत आणखी उतरते. मग चांगल्या गाड्याही भंगारात जातात, कारण दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीपेक्षा मोठं होतं. अशा तऱ्हेने अफवा स्वतःचे पुरावे स्वतःच तयार करते.

924 निर्दोष होती असं माझं म्हणणं नाही. सुरुवातीच्या गाडीला चारच गिअर होते, मागे ड्रम ब्रेक होते, इंजिन जोरात पळवलं की आवाज कर्कश व्हायचा आणि शंभराचा वेग गाठायला दहा सेकंदांच्या आसपास लागत. हे आक्षेप रास्त आहेत आणि ते जरूर घ्यावेत. व्हॅनचा आक्षेप त्यांत बसत नाही.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘डिनो 246 खरी फेरारी नाही, इंजिन फियाटने बनवलं.’ फेरारीच्याच घराण्यातल्या व्ही6 चं उत्पादन फियाटकडे होतं, हे खरं. तेच इंजिन लावलेल्या लान्चा स्ट्रॅटोसने 1974, 1975 आणि 1976 अशी सलग तीन वर्षं लान्चाला जागतिक रॅली विजेतेपद मिळवून दिलं. डिनोची एकेकाळी हेटाळणी होत असे; आज लिलावात तिला मिळणारी किंमत पाहा.

‘928 फसलेली गाडी.’ ती 1978 साली युरोपची ‘कार ऑफ द इयर’ ठरली आणि 1995 पर्यंत बनत राहिली.

‘दुर्मीळ असेल तीच मौल्यवान.’ जॅग्वार ई-टाइप 70 हजारांहून जास्त बनल्या, तरी त्यांची मागणी ओसरत नाही. जेन्सन-हीलीची संख्या त्याच्या जेमतेम सातव्या भागाइतकी, तरी तिला फारसं कुणी विचारत नाही.

‘रबर बंपरवाली एमजीबी बिघडलेली असते.’ 1974 पासून अमेरिकी नियमांसाठी काळे बंपर आले आणि गाडीची उंची वाढवावी लागली. त्याने वळणावरची पकड घटली, हे बरोबर. पण ती उंची पुन्हा उतरवता येते आणि बाकी गाडी तीच आहे.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल, तर गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म घ्या. फायबरग्लासची बॉडी, दोन आसनं आणि रेनॉचं 1.2 लिटरचं पेट्रोल इंजिन. तिच्याबद्दलही ‘छोट्या कारचं इंजिन’ एवढंच बोललं गेलं. या देशात दोन आसनी उघडी गाडी बनवून विकण्याचं धाडस किती जणांनी केलं, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

परदेशात राहणाऱ्या कुणाला 924 किंवा 944 घ्यायची असेल, तर इंजिन कुणाचं याची चर्चा सोडा आणि देखभालीच्या पावत्या मागा. 944 आणि तिचंच इंजिन असलेल्या 924 एस मध्ये टायमिंग बेल्ट तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावंच लागतं. बेल्ट बदलल्याची पावती मिळाली नाही, तर तो बदललेला नाही असंच धरा आणि तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा.