खारं पाणी

जेम्सटाऊन, व्हर्जिनिया. २२ ऑगस्ट १६०७. मे महिन्यात १०४ इंग्रज पुरुष आणि पोरं इथे उतरली. त्यातल्या एका मजुराच्या मागे आपण दिवसभर चालू. मजुरांची नावं यादीत सापडतात, त्यांचा दिवस कुणी लिहून ठेवलेला नाही. म्हणून याला नाव दिलेलं नाही. त्याचं खाणं, पाणी, पहारा आणि मरणं मात्र जॉर्ज पर्सी आणि जॉन स्मिथ या तिथल्याच दोन वसाहतकऱ्यांनी लिहिलीत. घड्याळाच्या वेळा माझ्या अंदाजाच्या.

पहाटे ५. पहिलं काम प्रेतं बाहेर काढण्याचं. कधी कधी एकेका रात्रीत तीन-चार माणसं जातात. खोपटातून ओढायचं आणि पुरायचं. फावडं चालवणाऱ्याच्याच पायात बळ नाही. गढीच्या आत पुढे उत्खनन झालं, तेव्हा काही खड्ड्यांत दोन-दोन सांगाडे मिळाले. त्यांना पाठवणाऱ्या लंडनच्या कंपनीचा लेखी हुकूम होता: आपली माणसं मरतात, आजारी पडतात, हे इथल्या लोकांना कळू देऊ नका. त्याच हुकूमनाम्यात सखल, दमट जागी वस्ती करू नका असंही होतं. वस्ती नेमकी दलदलीच्या कडेला झाली. तिथे काठालगत पाणी खोल, जहाज थेट झाडाला बांधता यायचं.

सकाळी ६. बादली घेऊन नदीवर. गढीत विहीर नाही, ती खणायला अजून वर्षाहून जास्त काळ आहे. भरतीला पाणी खारट, ओहोटीला गाळ आणि घाण. उन्हाळ्यात वरून येणारं गोडं पाणी कमी होतं आणि समुद्राचं खारं पाणी वस्तीच्या बेटाभोवती तुंबून राहतं. माणसांची घाणही तिथेच साचते. त्यात दुष्काळ. जुन्या सायप्रस झाडांच्या खोडांतली वलयं मोजून शास्त्रज्ञांनी सांगितलं की १६०६ ते १६१२ ही सात वर्षं त्या भागात ७७० वर्षांतली सर्वांत कोरडी होती. आपल्या मजुराला यातलं काही ठाऊक नाही. तहान लागलीय, तो पितो.

सकाळी ८. गवत कापणं. २६ मे रोजी इथल्या मूळ रहिवाशांच्या दोनेकशे योद्ध्यांनी हल्ला केला होता, तेव्हापासून माणसं कुंपणाबाहेर जायला बिचकतात. गवतात लपून बाण मारता येतो. ते कापून टाका, हा सल्ला जूनमध्ये त्या मूळ रहिवाशांपैकीच एकाने येऊन दिला. ऊन चढतं. अंगात जाड कपडे. थोडं कापायचं, बसायचं, पुन्हा उठायचं.

सकाळी ११. जेवण. पाण्यात शिजवलेला सातू, पाच माणसांत दिवसाला एक लहान डबा. धान्य कित्येक आठवडे जहाजाच्या तळात राहिलंय. स्मिथ लिहितो, त्यात जितके दाणे तितके किडे. वर पकडलेले खेकडे आणि स्टर्जन मासा, मिळाला तर. हातात रोख मजुरी पडत नाही. कमाई सामाईक कोठारात जाते, खाणं त्याच कोठारातून येतं. जूनपर्यंत जहाजं इथे होती, तेव्हा खलाशी चोरलेली बिस्किटं विकायचे. बदल्यात पैसे, कातडी किंवा सॅसफ्रास हे औषधी झाड घ्यायचे. जहाजं गेली, तो बाजारही उठला. आता फक्त सगळ्यांची मिळून एक हंडी.

दुपारी २. तोफा. कॅप्टन बार्थोलोम्यू गॉस्नॉल्ड वारला. १६०२ मध्ये न्यू इंग्लंडचा किनारा धुंडाळणारा, ही मोहीम उभी करण्यासाठी झटलेला माणूस. गढीतल्या सगळ्या तोफा आणि बंदुका त्याच्यासाठी झाडल्या. मजुराच्या वाट्याला असा बार येत नाही. सलामी ऐकून पहाटेचे ते खड्डे आठवतात आणि मला राग येतो.

दुपारी ४. आजाऱ्यांकडे पाणी न्यायचं. कुणाला रक्ताची हगवण, कुणाचं अंग सुजलेलं, कुणाला जळजळता ताप. पर्सीच्या यादीत तारखेपुढे नाव आणि जमेल तिथे कारण आहे. ६ ऑगस्टला जॉन अ‍ॅस्बी, हगवण. ९ तारखेला जॉर्ज फ्लॉवर, सूज. १० तारखेला विल्यम ब्रूस्टर, जखम. जखमेने मेलेले थोडेच. आजचे अभ्यासक हगवण, टायफॉइड आणि खाऱ्या पाण्याची बाधा यांकडे बोट दाखवतात. आजारी माणूस पाणी मागतो. मजूर सकाळच्याच बादलीतलं देतो, दुसरं काही नाही.

रात्री ९. पहारा. दर तिसऱ्या रात्री पाळी, उघड्या जमिनीवर पडून, हवा कशीही असो. निजलेल्यांचं कण्हणं कुंपणापर्यंत ऐकू येतं. बंदुकीचं तोंड जंगलाकडे. त्या जंगलातलीच माणसं येत्या काही आठवड्यांत मका, भाकऱ्या, मासे आणि मांस घेऊन येतील. तोवर निम्म्याच्या आसपास माणसं गेलेली असतील. उरलेली त्या मक्यावर जगतील.