उघडी आज्ञावली आणि जागता पहारा



जानेवारी २०२१ मध्ये आपल्या नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे दुसऱ्या एका बँकेत जे खाते होते, त्यातून सुमारे साडेचौदा कोटी रुपये परस्पर निघून गेले. तिजोरी फुटली नाही, कुलूप तुटले नाही, पहारेकऱ्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. त्यापूर्वी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम अशीच गेली. तिचा मोठा भाग अठ्ठावीस देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनी काढला गेला. सहकारी बँकेतला पैसा म्हणजे भुसार दुकानदाराचा, शिक्षकाचा, हमालाचा पैसा. म्हणून इंटरनेटला जोडलेली यंत्रणा खरोखर सुरक्षित असू शकते काय, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा नाही, तो आपलाही आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ नीट लावून घेऊ. संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली किंवा सॉफ्टवेअर म्हणतात. ती माणसानेच लिहिलेली असते आणि जाणकार माणसाला वाचता येते. काही कंपन्या हे मूळ लिखाण आपल्यापाशी कुलूपबंद ठेवतात आणि गिऱ्हाइकाला फक्त त्याचे चालते रूप देतात. दुसरा पंथ ते लिखाण जगापुढे मांडतो. कोणीही वाचावे, तपासावे, सुधारावे. यालाच मुक्त-स्रोत, म्हणजे ओपन सोर्स, म्हणतात. लिनक्स ही प्रणाली या पंथाची, आणि आपल्यापैकी अनेकांच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो.

यावर साधा माणूस विचारतो, ‘घराचा नकाशाच चोराच्या हाती दिला, तर घर सुरक्षित कसे राहील?’ शंका रास्त आहे. तिचे उत्तर ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषापंडिताने १८८३ मध्येच देऊन ठेवले आहे. लष्करी सांकेतिक लिपीविषयी लिहिताना त्याने असे प्रतिपादन केले की, सारी पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. कुलपाची रचना गावातल्या प्रत्येक लोहाराला ठाऊक असते, म्हणून काही प्रत्येक घर फुटत नाही. जे कुलूप केवळ रचना कोणाला ठाऊक नाही म्हणून टिकते, ते कुलूपच नव्हे.

झाकलेल्या गोष्टीवरचा विश्वास किती महाग पडतो, हे लातूरकरांना मी काय सांगावे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात सुमारे आठ हजार माणसे गेली. बहुतेक घरांच्या भिंती जाडजूड दगडी, वर मातीचे जड माळवद. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, याहून मजबूत काय असणार? परंतु भिंतीच्या आत दोन्ही बाजूंचे थर सुटे होते, मधे मातीदगडांची भर होती, आणि त्या थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड नव्हते. भूकंप हा काही चोर नव्हे. पण जाडी म्हणजे मजबुती नव्हे, एवढा धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

कुलूपबंद सॉफ्टवेअरचेही तसेच. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक आज्ञावलीने जगभर धुमाकूळ घातला. ती पसरली युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे विश्वासाने आत घेतलेल्या दुरुस्तीतूनच. मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा बंद पडल्या आणि आपल्या न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. लिखाण झाकलेले होते. त्याने संरक्षण झाले नाही.

मग उघडे ठेवले की भागले काय? नाही. आणि येथेच माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला बोलण्यासारखे काही आहे.

१९७२ च्या दुष्काळातून आपल्या राज्यात रोजगार हमी उभी राहिली. कामावरचे मस्टर हा तिचा प्राण. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे गावाने हिशेब तपासण्याची, तरतूद केली. पण मस्टर पाहता येते म्हणून खोटी नावे आपोआप गळून पडली नाहीत. कोणीतरी दिवसाची मजुरी बुडवून ते मागावे लागे, ओळ न् ओळ वाचावी लागे, आणि ‘हा माणूस कामावर आलाच नव्हता’ असे चारचौघांत म्हणावे लागे. वाचण्याचा हक्क ही एक गोष्ट आणि प्रत्यक्ष वाचणे ही दुसरी.

मुक्त-स्रोत आज्ञावलीची गोष्ट नेमकी हीच आहे. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीत २०१२ पासून एक मोठी चूक होती. लिखाण सर्वांसमोर होते. तरी ती एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाली. जगाचा अफाट व्यवहार जिच्यावर चाले, तिच्यासाठी पूर्णवेळ राबणारा एकच माणूस होता, आणि देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर. त्यानंतर मोठ्या कंपन्यांना खिशात हात घालावासा वाटला.

दुसरे उदाहरण २०२४ चे. ‘एक्सझेड’ नावाची छोटीशी आज्ञावली एक गृहस्थ वर्षानुवर्षे फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळीत होते. ते थकले होते. एका अनोळखी नावाने मदतीचा हात पुढे केला, दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून विश्वास मिळवला, आणि मग आत चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या यंत्रावर प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याने खोदून पाहिले आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे जगजाहीर केले. लिखाण उघडे होते म्हणून तो मुळापर्यंत जाऊ शकला. पण चोर आत आला तो थकलेल्या, एकट्या, बिनपगारी माणसाच्या दारातून.

एतावता माझे म्हणणे एवढेच की, सुरक्षितता हा यंत्राचा गुण नाही. ते रोजचे श्रम आहेत. बाहेरच्या जगाशी जोडलेली कोणतीही यंत्रणा कायमची सुरक्षित नसते. विहिरीचा गाळ एकदा काढला की जन्माचे काम झाले, असे कोणी म्हणत नाही. उघडेपणामुळे तपासणी शक्य होते. ती प्रत्यक्षात करायला पगारी, शिकलेली आणि निर्भय माणसे लागतात.

‘निर्भय’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आज कित्येक कार्यालयांत संगणकावर बसतात ती मुले कंत्राटी. अनेक ठिकाणी एकच पासवर्ड चौघांत वापरला जातो. काही वावगे दिसले तरी ‘उद्या कामावरून काढतील’ या धास्तीने मूल गप्प बसते, आणि चोरी झाली की पहिला आळ त्याच्यावरच येतो. अर्ध्या सेकंदाची तक्रार करण्याची मुभा ज्याला नाही, त्याच्या हाती कोट्यवधींचा पहारा देणे हा शहाणपणा नव्हे.

तेव्हा आपण काय करावे? आपल्यापैकी पुष्कळजण सहकारी बँकांचे सभासद आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत लाभांशाबरोबर चार प्रश्न विचारा. सॉफ्टवेअरची दुरुस्ती आली की ती किती दिवसांत बसते? बाहेरच्या त्रयस्थ जाणकाराकडून तपासणी शेवटी केव्हा झाली? जे यंत्र इंटरनेटला जोडण्याची गरज नाही, ते का जोडले आहे? आणि दोष दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याला लेखी संरक्षण आहे काय? हेच प्रश्न नगरपालिकेला आणि दवाखान्यालाही विचारा. दवाखान्याला आणखी एक विचारा, यंत्रणा बंद पडली तर कागदावर काम चालवण्याची तयारी आहे का? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समधील संगणक असेच बंद पडले, तेव्हा रुग्णांची कामे कित्येक दिवस हाताने लिहूनच करावी लागली.

उत्तरे मिळाली नाहीत तर ती इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. मस्टर वाचण्याचे काम असेच होत आले आहे.