वाचकहिताचे लेखन आणि विक्रीचे लेखन

वाचकाच्या उपयोगी पडावे म्हणून लिहिलेले गद्य आणि त्याला माल विकावा म्हणून लिहिलेले गद्य यांतील भेद केवळ हेतूचा नाही. तो भाषेच्या घडणीतही उतरतो. या दृष्टीने ‘किर्लोस्कर खबर’ या नियतकालिकाचे उदाहरण उद्बोधक आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर विक्रीस आणला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत शेतकऱ्यांत होती. अशा ग्राहकापुढे मालाची नुसती स्तुती व्यर्थच ठरावयाची. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये कारखान्याचे माहितीपत्र म्हणून ‘खबर’ निघाली. शं. वा. किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली तिचे उद्योग, विज्ञान व समाजसुधारणा यांना वाहिलेले मासिक झाले. अमेरिकेतही जॉन डियर या नांगर बनविणाऱ्या कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’ हे शेतीविषयक नियतकालिक काढले होते. नांगर विकत न घेणाऱ्यालाही वाचण्याजोगे काही मिळावे, हे अशा नियतकालिकांचे वैशिष्ट्य होय.

आता भाषेकडे वळू. ‘आमचाच नांगर घ्या’ या वाक्यात ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ समोरासमोर उभे आहेत आणि क्रियापद आज्ञार्थी आहे. ‘वाफसा आल्यावर जमीन नांगरावी’ या वाक्यात क्रियापद विध्यर्थी असून ते ‘जमीन’ या कर्माप्रमाणे चालते. कर्त्याचा उल्लेखच नाही. येथे सांगणारा मागे सरतो आणि काम पुढे येते. मराठीत श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ व त्याला सामावून घेणारे ‘आपण’ अशी दोन सर्वनामे आहेत. हितोपदेशाचा ओढा स्वभावतः दुसऱ्याकडे असतो.

परंतु एवढ्यावरून निर्णय करणे धोक्याचे आहे. ‘आपण’ हे आदरार्थी संबोधनही असल्यामुळे जाहिरात ते सहज उचलते. विध्यर्थही तिला वर्ज्य नाही. खरी कसोटी मर्यादावाचक वाक्यांत सापडते. ‘उथळ, मुरमाड जमीन खोल नांगरू नये, कारण खालचा मुरूम वर येतो’ असे नांगर विकणारा सांगू लागला, म्हणजे त्याने संभाव्य विक्रीवर पाणी सोडले असे समजावे. ‘मात्र’, ‘तथापि’, ‘नसल्यास’ हे शब्द विक्रेत्याला महाग पडतात. म्हणूनच त्यांना मोल आहे.

आज मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रविक्रेता असो की खेड्यातील खतविक्रेता, ग्राहकाला सल्ला देणारा मजकूर त्याला भ्रमणध्वनीवरून क्षणात पाठविता येतो. चुकीच्या सल्ल्याने शेतकऱ्याचा हंगाम बुडतो, कारागिराचे भांडवल अडकते. तेव्हा असा मजकूर वाचताना एकच प्रश्न विचारावा : काहीही विकत न घेता यातील किती वाक्ये वाचकाच्या कामी येतील? जितकी येतील, तितकेच ते लेखन वाचकहिताचे होय.