आकडा नव्हे, चढ वाचा: गरोदरपणातल्या बीपीचा मागोवा

गरोदरपणात अंगातले रक्त जवळपास निम्म्याने वाढते, तरी मधल्या महिन्यांत बीपी चढत नाही; उलट थोडा उतरतो, कारण रक्तवाहिन्या सैलावतात. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये गँट आणि सहकाऱ्यांनी पहिलटकरणींना अँजिओटेन्सिन हे रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य देऊन पाहिले. निरोगी गरोदर मुली त्याला फारशी दाद देत नव्हत्या; ज्यांचा बीपी पुढे वाढला, त्यांच्या रक्तवाहिन्या कित्येक आठवडे आधीच दाद देऊ लागल्या होत्या. २००३ मध्ये बोस्टनच्या करुमंची यांच्या गटाने वारेतून आईच्या रक्तात उतरून रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवणारे प्रथिन दाखवले. म्हणजे बीपी निदानाच्या रेषेला, १४०/९० ला पोचतो, तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते.

गँट यांचे काम झाले त्याच सत्तरच्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. २००५ नंतर आशाताई आल्या. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होऊ लागली. बीपी मोजला जाऊ लागला. आता तो वाचला जायला हवा. समजा, कार्डावर चौथ्या महिन्यात १०४/६४, सहाव्यात १०२/६२ आणि आठव्यात १३४/८६ अशी नोंद आहे. शेवटचा आकडा एकटा पाहिला तर ‘नॉर्मल’. तिन्ही ओळीने पाहिले, तर पुढची तपासणी महिन्यावर ढकलवत नाही.

यावर कोणी म्हणेल, शेवटच्या महिन्यांत बीपी तसाही थोडा वर येतो, आणि ३०/१५ ने वाढला की आजार, ही व्याख्या अमेरिकी तज्ज्ञगटाने २००० सालीच मोडीत काढली. खरे आहे, पण अशा बाईवर बारीक लक्ष ठेवा, असेही त्याच गटाने सांगितले. चढ म्हणजे निदान नव्हे, लवकर बोलावण्याचे कारण आहे. दुसरा आक्षेप बेळगावच्या एका प्रयोगाचा. तिथे आशांनी घरोघरी बीपी मोजूनही एकूण परिणाम सुधारले नाहीत. मात्र भारत, पाकिस्तान आणि मोझांबिकमधल्या अशाच प्रयोगांच्या एकत्रित आकडेवारीत आठ किंवा अधिक भेटी झालेल्या बायकांमध्ये परिणाम बरे दिसले. त्यातून भेटींचाच हा गुण हे सिद्ध होत नाही. पण तुटक मोजणी पुरत नाही, ही शंका बळावते.

आणि तुटकपणा दौंड-शिरूरच्या उसाच्या फडांत ठळक आहे. मुकादमाची उचल घेऊन बीडकडून आलेल्या कोयत्यातली (ऊसतोड जोडीतली) गरोदर बाई बरेचदा नेमक्या सहाव्या-सातव्या महिन्यात आपल्या आशाताईपासून दूर असते. तिच्या आधीच्या नोंदी इथल्या नर्सला दिसत नाहीत, म्हणून चढही दिसत नाही. तेव्हा गाव सोडताना कार्ड सोबत देणे आणि हंगामात त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) जाऊन त्याच कार्डावर बीपी लिहिणे, हे नव्या यंत्रापेक्षा आधी व्हायला हवे.