गंजिफेतील नियमबदल : एक विचार

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. राजा-प्रधानांखालोखाल पाच रंगांत दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या पाचांत एक्का. पहिली उतारी दिवसा रामाचा, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याची.

नवशिक्यांसाठी हे नियम सुलभ करावेत काय? सोस्यूरने भाषेस दिलेली बुद्धिबळाची उपमा येथे उद्बोधक आहे : घटकाचे मूल्य व्यवस्थेतील स्थानावरून ठरते. उतारीचा नियम बदलल्यास केवळ प्रारंभ बदलेल. क्रम मात्र सर्वत्र एकच केल्यास एक्का कायमचा दुर्बळ होईल व लहान पाने आलेल्याचा डाव वाटणीतच बुडेल. यास्तव उलटा क्रम राखणेच इष्ट होय.