थ्री-नॉट-थ्रीच्या पोटातला डबा

मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण महाविद्यालय आहे. लातूरलाही या दलाचं भरती प्रशिक्षण केंद्र आहे आणि चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं. त्यामुळे या पट्ट्यात रायफलीवर हक्कानं बोलणारी निवृत्त मंडळी गावोगाव भेटतात. बोलणं असतं नेमाचं, नळीचं, खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचं. ट्रिगरच्या पुढं, कुंद्याच्या पोटात बसणाऱ्या लोखंडी चौकटीची आठवण कुणाला होत नाही. वास्तविक गोळी नीट वर येणार की अडकणार, याचा निकाल तिथंच लागतो.

या चौकटीत बसतो तो गोळ्यांचा डबा. काढता-घालता येणाऱ्या उभ्या डब्याचं पेटंट जेम्स पॅरिस ली यांनी १८७९ साली घेतलं. पुढं ब्रिटिश फौजेच्या रायफलीत तो आला, तो चक्क साखळीनं बांधून! शिपाई डबा हरवेल ही साहेबाची धास्ती. दहा गोळ्यांच्या ली-एन्फिल्डला, म्हणजे आपल्या थ्री-नॉट-थ्रीला, शिपायाजवळ जादा डबे नसत. पाच-पाच गोळ्यांच्या पत्र्याच्या पट्ट्या वरून अंगठ्यानं दाबून भरायच्या. डबा निघायचा तो सफाई-दुरुस्तीपुरता. माउझरनं १८९८ च्या रायफलीत पाच गोळ्यांची पेटी पोटातच कायमची ठेवली, आणि त्यानं कुणाचं काही अडलं नाही.

थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या पुढं असावी लागते. ती मागं राहिली की दोन्ही एकमेकींत अडकतात आणि बोल्ट कितीही ढकला, पुढं सरकत नाही. म्हणून डब्याच्या तोंडाच्या वळवलेल्या पत्र्याला फार जपावं लागतं. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरच्या कारखान्यानं हाच साचा ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी नव्यानं घडवला. हे काडतूस बिनकडेचं, त्यामुळे डबा जरा चौकोनी झाला आणि त्यात बारा गोळ्या मावू लागल्या. दोन्ही रायफली दिसायला बहिणी, पण एकीचा डबा दुसरीला चालेल असं धरून चालू नये.

आजचा शौकीन नेमबाज वेगळ्याच कारणानं डब्याकडं वळतो. रेमिंग्टन ७०० सारख्या रायफलीची मूळ तळपट्टी काढून दुसऱ्या कंपनीची डबेवाली चौकट बसवायची. अमेरिकन मरीन दलाच्या एम-४० या रायफलीचंही तसंच झालं. ए-३ आवृत्तीत पोटातली पेटी होती, ए-५ मध्ये काढता डबा आला. यात निवड चौकटीपेक्षा डब्याची आधी करावी, असं माझं मत. बाजारात सर्वाधिक चालतो तो अॅक्युरसी इंटरनॅशनलच्या धाटणीचा डबा. ७.६२ चं काडतूस सुमारे ७१ मिलिमीटर लांब. लांब नाकाच्या गोळ्या वापरायच्या असतील, तर डब्याची आतली लांबी आधी मोजावी. मग उंची. डबा खाली बसला तर बोल्ट गोळीवरून कोरडाच निघून जातो. फार वर बसला तर बोल्ट त्यावर घासतो. नवी चौकट जुन्या खाचेत बसेलच असं नाही, लाकूड कोरावं लागतं. आणि तिचे स्क्रू कमी-जास्त आवळले गेले, तर रायफलीचा नेमच बदलतो. झळाळतं अॅल्युमिनियम बघून भुलणाऱ्यांनी एवढं तरी तपासावं.

आपल्याकडं मात्र हे घरच्या हत्यारपेटीचं काम नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती किंवा रूपांतर करायचं, तर त्याचा स्वतंत्र परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. थ्री-नॉट-थ्री आणि ७.६२ या बोअरच्या रायफली सामान्य परवानाधारकाला मिळतच नाहीत. त्याच्या वाट्याला येते .३१५ ची स्पोर्टिंग रायफल, तीही कडेच्या काडतुसाची. मराठवाड्यात परवान्याची बंदूक म्हटलं की बहुधा बारा बोअरच, बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर दिसते ती. तिच्या पोटात डबाच नसतो, नळी मोडून काडतुसं घालायची.